डालगे, खुराडे आणि रात्रीचा चोर

पत्र : आम्ही दोघे निवृत्तीनंतर मुंबई सोडून कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो आहोत. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही बारा कोंबड्या घेतल्या आणि यजमानांनी घरामागे चिरे रचून, वर पत्रा टाकून खुराडे केले. जुलैत दोन रात्रींत मुंगसाने तीन कोंबड्या मारल्या. घाबरून आम्ही भिंतीच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या आणि पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. चोरी थांबली, पण श्रावणात कोंबड्या शिंकू लागल्या, डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि चार दगावल्या. आता पाच उरल्या आहेत. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी कोंबड्या डालग्याखाली राहायच्या, असले काही होत नव्हते. यजमानांना दहा-बारा कोंबड्यांसाठी नवे, पक्के खुराडे बांधायचे आहे. ते कसे असावे? पिल्ले कोणत्या जातीची घ्यावीत? कोंबडा ठेवावा का?
— एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापासून सुरुवात करतो, कारण नव्या खुराड्याची बांधणी त्यावर ठरणार आहे. तुमच्या कोंबड्या रात्री मेल्या असतील, तर ते काम मुंगसाचे नसावे. मुंगूस हा दिवसा हिंडणारा प्राणी आहे. तो सकाळी, दुपारी किंवा दिवेलागणीच्या आधी कुंपणाच्या कडेने येतो, अंडी फोडतो, पिल्ले उचलतो आणि संधी मिळाली तर परसात चरणारी कोंबडीही पकडतो. रात्री खुराड्यात शिरणारा तुमच्या भागातला चोर बहुधा कांडेचोर (म्हणजे उदमांजर) किंवा रानमांजर असतो, आणि गावाजवळची मोकाट कुत्रीही यात मागे नसतात. मुंगूस दिवसा दिसते म्हणून त्याच्यावर आळ येतो आणि खरा गुन्हेगार कौलांवरून निघून जातो. हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की मुंगसाच्या धास्तीने आपण जमिनीलगतची भोके शोधत बसतो, पण कांडेचोर उत्तम चढतो आणि छपराखालच्या फटीतून आत उतरतो. तुम्ही भिंतीच्या फटी बुजवल्यावर चोरी थांबली, यावरून त्याची वाट भिंतीतूनच होती असे म्हणता येईल. मात्र त्याच वेळी तुम्ही ताडपत्री बांधून हवेचीही वाट बंद केली, आणि पुढचा त्रास माझ्या मते तिथून सुरू झाला.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घाम येत नाही. शरीरातली जादा उष्णता ती श्वासावाटे, वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. शिवाय एक मोठी कोंबडी दिवसाकाठी साधारण शंभर ग्रॅमच्या वर ओली विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे नऊ कोंबड्या रात्रभर एका बंद पेटीत बसल्या, तर त्या पेटीत पाऊस न शिरताही सगळे ओले होते. ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेच्या अस्तराला जाळतो, आणि असे अस्तर सोललेले असले की श्वसनाच्या रोगांचे जंतू सहज घर करतात. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्या सिंधुदुर्गात श्रावणातली हवाच मुळी ओलसर असते. तिथे ताडपत्रीचा पडदा बांधणे म्हणजे आजाराला निमंत्रण देण्यासारखे आहे. याची परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडण्यापूर्वी खुराड्यासमोर उकिडवे बसावे, तोंड कोंबडीच्या उंचीवर न्यावे आणि दार उघडताच एक दीर्घ श्वास घ्यावा. नाक चुरचुरले किंवा डोळ्यांत पाणी आले, तर आतल्या कोंबड्यांनी ते रात्रभर सोसले आहे असे समजावे. आपण उभ्याने वाकून बघतो, तेव्हा हा वास पुरता कळत नाही.

तुमच्या कोंबड्या नेमक्या कोणत्या रोगाने दगावल्या हे पत्रावरून सांगणे योग्य होणार नाही. शिंका, डोळ्यांतून पाणी, घशात घरघर ही लक्षणे अनेक श्वसनरोगांत सारखीच दिसतात. मात्र यांतला एक रोग, ज्याला पशुवैद्यक मायकोप्लाझ्माचा दीर्घकालीन श्वसनरोग म्हणतात, असा आहे की त्यातून वाचलेली कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी जंतू बाळगून राहते आणि तो अंड्यांतून पिल्लांतही उतरतो. म्हणून तुमच्या उरलेल्या पाच कोंबड्या नव्या पिल्लांत मिसळू नयेत आणि त्यांची अंडी उबवणीला बसवू नयेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यांना जुन्या खुराड्यातच राहू द्यावे. फक्त ताडपत्री काढून टाकावी, चिऱ्यांचा सर्वांत वरचा थर दोन्ही लांब बाजूंनी उतरवून तिथे जाळी ठोकावी आणि पाऊस आत येऊ नये म्हणून पत्र्याची वळचण दीड-दोन फूट पुढे काढावी. पुढे कधी कोंबडी मेली, तर तिला व्हाळात टाकून न देता त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनासाठी न्यावी. दवाखान्यातून प्रतिजैविक दिले गेले, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हेही तिथेच विचारून घ्यावे. हा प्रश्न बहुतेक लोक विचारत नाहीत.

आता सासूबाईंच्या डालग्याविषयी. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेऊ नये, कारण त्यात निम्म्याहून अधिक तथ्य आहे. बांबूच्या कामट्यांचे डालगे चारी बाजूंनी श्वास घेते. ते पडवीत, छपराखाली असते म्हणून पावसाने भिजत नाही. आणि रोज सकाळी उचलले की खालची जमीन झाडून सारवली जाते. हवा, कोरडेपणा आणि रोजची सफाई या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप साधतात. त्याची उणीव एवढीच, की कोंबड्या चार-पाचांपेक्षा वाढल्या की दाटी होते, आत बसायला दांडी नसते, आणि माणसे घराबाहेर झोपेनाशी झाल्यापासून पडवीत राखणीला कोणी नसते. डालगे उलथवायला कुत्र्याला कितीसा वेळ लागतो? म्हणून नवे खुराडे बांधताना सासूबाईंना तिथे उभे करून विचारावे, की हवा डालग्यासारखी खेळेल का. मी नोकरीच्या काळात पाहिलेल्या पक्क्या खुराड्यांपैकी निम्मी तरी या एका परीक्षेत नापास झाली असती.

तुमच्या पावसाचा विचार करता, दहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांच्यासाठी मी जमिनीपासून तीन फूट उंच, खांबांवरचे खुराडे सुचवीन. लांबी सहा फूट आणि रुंदी चार फूट धरली, तर चोवीस चौरस फूट जागा मिळते, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला दोन चौरस फुटांहून थोडी अधिक. दिवसा परसात मोकळ्या फिरणाऱ्या आणि फक्त रात्री डालल्या जाणाऱ्या कोंबड्यांना एवढी पुरते. पुढची उंची साडेचार फूट आणि मागची साडेतीन फूट ठेवावी, म्हणजे छपराला उतार मिळेल आणि हात घालून आतली सफाईही करता येईल. लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे याव्यात, जेणेकरून चैत्र-वैशाखातले सकाळ-संध्याकाळचे ऊन थेट आत शिरणार नाही. तुमच्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते, तेव्हा पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण फळ्यांची करावी आणि दक्षिणेची खालची दोन फूट फळ्यांची, वरची जाळीची करावी. उत्तरेची बाजू दीड फुटापासून वर मोकळी जाळीची असली तरी चालते. छपराखालची वीतभर उंचीची पट्टी मात्र दोन्ही लांब बाजूंनी कायम उघडी, जाळी मारून ठेवावी आणि कोणत्याही नक्षत्रात ती झाकू नये. गरम, ओली हवा वर चढते आणि तिला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. कोंबड्या बसतात त्या उंचीवर झोत लागता कामा नये, डोक्यावरून मात्र वारा वाहता राहावा, हे यातले मर्म आहे. छपराला पत्रा वापरणार असाल, तर तो उन्हाळ्यात तापतो. त्यावर माडाची झापे पसरली की काम भागते. कौले असतील तर उत्तमच, फक्त ती नळीच्या टोकांशी उघडी राहू नयेत, कारण कांडेचोर तिथूनच आत उतरतो.

जाळीच्या बाबतीत दुकानदाराचे ऐकू नये. षट्कोनी भोकांची जी स्वस्त चिकन जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. त्याने दोन-तीनदा दातांनी ओढली की तिचे पीळ सुटत जातात. खुराड्याला अर्धा इंची वेल्डमेशच, म्हणजे तारा एकमेकींना जोडलेली चौकोनी भोकांची जाळीच, लावावी, आणि ती खिळे वाकवून बसवण्याऐवजी वरून लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळावी. चिकन जाळी परसातल्या दिवसाच्या कुंपणाला चालेल. बांधकाम झाल्यावर एक लिंबू घेऊन खुराड्याभोवती फिरावे. ज्या फटीतून ते लिंबू आत जाते, ती फट बुजवावी. दाराची खालची कड आणि अंड्यांच्या पेटीचे झाकण या दोन जागा हमखास विसरल्या जातात. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी घालून वर खिट्टी लावावी.

खांबांना, माडावर उंदीर चढू नये म्हणून आपण जसा पत्रा गुंडाळतो, तसाच दीड फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा जमिनीपासून दीड फुटावर गुंडाळावा. त्यामुळे घुशी, उंदीर आणि साप यांची चढण बंद होते. उंदीर आले की त्यांच्यामागून साप येतो, त्यामुळे हा पत्रा दोघांचाही बंदोबस्त करतो. अर्थात कोंबड्या चढण्यासाठी लावलेली शिडी रात्रीही तशीच राहिली, तर हा सारा खटाटोप वाया जातो. सगळ्या डालल्या की शिडी काढून बाजूला ठेवणे हा रोजचा नियम करावा. खुराड्यावर झुकलेली झाडाची फांदीही छाटावी.

तळ बांबूच्या किंवा पोफळीच्या पट्ट्यांचा, पाऊण ते एक इंच अंतर ठेवून करावा. विष्ठा खाली पडते आणि कोंबडीचे पाय कोरडे राहतात. खाली पडलेली विष्ठा दर दोन-तीन दिवसांनी ओढून काढावी आणि पालापाचोळ्यात कुजवावी. ताजी विष्ठा झाडाच्या मुळाशी घातली तर रोपे करपतात, पण तीन-चार महिने कुजली की नारळ-सुपारीला ते फार चांगले खत होते. तुमच्या यजमानांना पट्ट्यांऐवजी सिमेंटचा कोबाच हवा असेल, तर त्यावर भाताच्या तुसाची तीन-चार इंच जाड गादी लागेल आणि ती दर आठवड्याला हलवावी लागेल. गादी ठीक आहे की नाही हे मुठीत दाबून कळते: मुठीत धरून दाबलेले तूस मूठ उघडताच मोकळे झाले पाहिजे, त्याचा लाडू वळला, तर ओल जास्त झाली आहे आणि वरचा थर काढून नवे, कोरडे तूस घालावे. खरे सांगायचे तर, पावसाळ्याचे चार महिने हे इमानाने करणारी माणसे मला फार थोडी भेटली, म्हणून मी पट्ट्यांच्या तळाकडे झुकतो.

आत सहा फुटांच्या दोन दांड्या, एकाच उंचीवर, भिंतीपासून फूटभर आणि एकमेकींपासून सव्वा फूट अंतरावर बसवाव्यात. उंची वेगवेगळी ठेवली की वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. दांडी दोन इंच जाडीची आणि कडा गोल केलेली असावी. कोंबडी त्यावर बोटे पसरून बसते. अंडी घालण्यासाठी दर चार-पाच कोंबड्यांमागे एक, अशा हिशेबाने फूटभर लांबी-रुंदी-उंचीच्या तीन पेट्या पुरेत. त्या दांड्यांपेक्षा खाली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असाव्यात, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपू लागतात आणि अंडी घाण होतात. पेटीला बाहेरून उघडणारे झाकण केले, तर सासूबाईंना वाकून आत शिरावे लागणार नाही.

कोंबड्या बहुतेक अंडी सकाळच्या वेळी घालतात. म्हणून त्यांना नऊ-साडेनऊपर्यंत आतच ठेवून मग सोडावे. तांबडे फुटताच सोडल्या, तर अंडी केळीच्या बुंध्यात आणि लाकडांच्या ढिगाऱ्यात घातली जातात आणि ती मुंगसाला आधी सापडतात. दिवसा फिरायला परसाचा काही भाग चिकन जाळीने वेढलेला असावा, त्यात एखादे दाट झुडूप असावे, कारण घार आली की कोंबड्यांना दडायला आडोसा लागतो. तिथेच एका कोरड्या, छपराखालच्या कोपऱ्यात चुलीतली राख आणि बारीक माती मिसळून खड्डा भरून ठेवावा. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा झाडतात. महिन्यातून एकदा रात्री विजेरीच्या उजेडात एखादी कोंबडी हातात घेऊन शेपटीखालची पिसे फुंकून बघावीत. तिथे बारीक हालणारे ठिपके किंवा पिसांच्या मुळाशी चिकटलेल्या लिखा दिसल्या, तर दांड्यांचे सांधेही नीट तपासावेत.

खाद्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परसातल्या कोंबड्या फुकट पोसल्या जातात हा समज अंड्यांच्या संख्येवर उलटतो. पूर्ण बंदिस्त कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गवत, वाळवी खाऊन त्यातले बरेचसे भागवते, पण अंड्यावर असताना तिला वरून चाळीस-पन्नास ग्रॅम तरी द्यावेच. तांदळाची कणी, मक्याची भरड आणि कोंडा यांनी पोट भरते, परंतु प्रथिनांसाठी काहीतरी हवे. तुमच्याकडे त्यासाठी जवळ्याची सुकट आहे. ती मीठ न लावता वाळवलेली असेल तेव्हाच द्यावी, कारण मीठ कोंबड्यांना विषासारखे बाधते, आणि एकूण खाद्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त देऊ नये. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते, ते कुठून तरी भरून निघाले पाहिजे. तिसऱ्या (शिंपले) किंवा कालवे यांची रिकामी कवचे भाजून, जाडसर कुटून एका वेगळ्या करवंटीत ठेवावीत. ज्या कोंबडीला गरज असते ती आपणहून खाते. खाद्यात मिसळून सक्तीने देऊ नयेत, विशेषतः अंड्यावर न आलेल्या तलंगांना. जूनमध्ये खाद्याचे मोठे पोते भरून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. पावसाळ्यात मका आणि शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी धरते, तिच्यातले विष यकृतावर जाते, आणि ‘माणसांना नको ते कोंबड्यांना घाला’ ही सवय इथे महागात पडते. पाणी रोज बदलावे. साध्या दिवसांत प्रत्येकी पाव लिटर आणि वैशाखात त्याच्या दुप्पट लागते, व भांडे सावलीत असावे.

जातींच्या बाबतीत जाहिरातींपासून दूर राहावे. आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडीच देते, पण ती काटक असते, घार ओळखते, स्वतः अंडी उबवते आणि पिल्ले सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी विकसित केलेली ग्रामप्रिया अंड्यांसाठी बरी, दीडशेच्या पुढे जाते. वनराजा अंडी आणि मांस दोन्हींसाठी आहे, तिचा कोंबडा वजनाने भारी होतो. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आपल्याकडे ओळखीची झालेली आहे. कडकनाथ हा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला, देखणा आणि टिकाऊ पक्षी आहे, पण घरच्या अंड्यांसाठी तो घेण्याचे कारण मला दिसत नाही, आणि त्याच्या नावाने शेतकऱ्यांना दाखवलेल्या स्वप्नांचे काय झाले हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. तुम्ही सात ग्रामप्रिया आणि तीन चांगल्या गावठी तलंगा अशी विभागणी करावी. गावठी कोंबड्या पुढे उबवणीसाठी उपयोगी पडतील. पिल्ले एक दिवसाची न घेता एक महिन्याची, लसीकरण झालेली घ्यावीत, म्हणजे पहिल्या आठवड्यात ३५ अंश उबेचा बल्ब सांभाळण्याचे जागरण टळेल. कोल्हापूरला शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागामार्फत तिथे चौकशी करता येते. सायकलवरून विकायला येणारी रंगवलेली पिल्ले नातवंडांच्या हट्टासाठीही घेऊ नयेत. ती बहुतेक अंडी देणाऱ्या संकरित जातींची, उबवणी केंद्रांनी टाकून दिलेली नर पिल्ले असतात.

लसीकरणात हयगय नको. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग एकदा वाडीत शिरला की आठ दिवसांत सगळी खुराडी रिकामी होतात. हिरवी पातळ विष्ठा, लुळे पंख आणि वळलेली मान ही त्याची ओळख. उत्तराखंडातल्या ज्या राणीखेतमध्ये १९२७ च्या सुमारास तो भारतात प्रथम नोंदवला गेला, त्या गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. त्यावर उपचार नाही, पण लस स्वस्त आणि खात्रीची आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तोच, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. देवीची लस साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात द्यावी. अडचण एवढीच असते, की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते, विरघळवल्यावर दीड-दोन तासांत वापरावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती फोडायला कोणी तयार होत नाही. तेव्हा वाडीतल्या चार-सहा घरांनी एक दिवस ठरवावा, पशुधन पर्यवेक्षकांना बोलवावे आणि सकाळी सोडण्यापूर्वी सगळ्यांच्या कोंबड्या एकदमच टोचून घ्याव्यात. यात तुमचा दुहेरी फायदा आहे, कारण शेजाऱ्याच्या खुराड्यात रोग नसला तरच तो तुमच्या परसात येत नाही. जंताचे औषध दर अडीच-तीन महिन्यांनी द्यावे. आणि कधी अचानक एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या किंवा आजूबाजूचे कावळे मरून पडू लागले, तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूने जे केले, ते पाहिलेला माणूस याबाबत थट्टा करत नाही.

कोंबड्याविषयी विचारले आहे. नुसत्या खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, त्याच्यावाचूनही कोंबड्या तेवढीच अंडी देतात. पिल्ले हवी असतील, तर आठ-दहा कोंबड्यांना एक पुरे. दोन ठेवले की ते एकमेकांना आणि कोंबड्यांना रक्तबंबाळ करतात. माझे मत विचाराल तर एक ठेवावा, कारण तो घार दिसताच हाक देतो आणि कळप एकत्र राखतो. शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न उरतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, पण खुराड्याची जाळीची बाजू शेजाऱ्यांच्या खिडकीकडे न ठेवण्याएवढी काळजी आपण घेऊ शकतो. गावठी कोंबडी खुडूक बसली आणि तुम्हाला पिल्ले नको असतील, तर तिच्या नाकात पीस खुपसणे किंवा तिला पाण्यात बुडवणे हे जुने उपाय कृपा करून करू नयेत. तिला तळ मोकळा असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस उजेडात ठेवले, शेजारी दाणा-पाणी ठेवले, की पोटाखालची ऊब जाते आणि ती उठते. पिल्ले हवी असतील, तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. एकविसाव्या दिवशी कवचे फुटतात. नव्या पिल्लांसह आईला पहिले तीन आठवडे पडवीत सासूबाईंच्या डालग्याखालीच ठेवावे. पट्ट्यांच्या तळातून पिल्लांचे पाय खाली अडकतात, तेव्हा त्यांना वरच्या खुराड्यात लवकर चढवू नये.

मार्च सुरू आहे, तेव्हा खांब आणि छप्पर एप्रिलअखेर उभे राहील असे पाहावे, म्हणजे मृगापूर्वी लाकडाला तेल लावून ते सुकायला वेळ मिळेल. पहिला पावसाळा नवे खुराडे रिकामेच राहू द्यावे. जुलैतल्या एखाद्या मुसळधार रात्री विजेरी घेऊन आत हात फिरवावा, कुठे पाणी झिरपते आणि कुठे झड पोहोचते ते खडूने खुणावून ठेवावे आणि ऑगस्टमध्ये त्या जागा दुरुस्त कराव्यात. महिन्याची पिल्ले सप्टेंबरच्या अखेरीस आणली, तर फेब्रुवारीच्या आसपास पहिली अंडी मिळतील. दरम्यान तुमच्या जुन्या पाच जणींना सकाळ-संध्याकाळ दाणा घालताना आधी नव्यांकडे जाऊन मग त्यांच्याकडे जावे, आणि दोन्हीकडे वेगळ्या चपला वापराव्यात.

आपला,
सल्लागार